पश्चिमेच्या भिंतीसाठी मशीन

पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीला टेकून उभं.

लॅपटॉप बंद पडतो तेव्हा आवाज होत नाही. उलट आवाज थांबतो. मग फ्रिज ऐकू येतो.

'एक चित्र म्हणजे एक साक्षीदार. आणि साक्षीदार पढवता येतो.'

टेम्पो दाखवा. मोटरसायकल नको.

कामावरून सुटलेल्या माणसाला पूर्वेची खिडकी काय कामाची?

सून म्हणते, सासूबाईंच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा सापडणार नाही, पण मोजपट्टी सापडेल. दोन सापडतील.

*

पर्स पट्टीबाईंची. त्यांना खरं नाव आहे, पण ज्या कचेरीत त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले तिथे हे नाव पडलं, आणि निवृत्त होताना भेट मिळालेल्या घड्याळाबरोबर त्या तेही घरी घेऊन आल्या. घड्याळ बंद पडलं. नाव चालू आहे.

वाचनालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा वाचनकक्षाचा नकाशा त्यांनी मागून घेतला. समितीवर त्या होत्याच. सही एका इंजिनिअरची, रेघा सगळ्या यांच्या. समितीने दार मान्य केलं, जिना मान्य केला, कपाटांची उंची, पाणी पिण्याची जागा, सगळं. गाडं अडलं ते एका भिंतीवर. पश्चिमेच्या. तिथे पट्टीबाईंनी टेबलाच्या उंचीपासून छतापर्यंत खिडक्या काढल्या होत्या, आणि खिडक्यांच्या बाहेर ऊन अडवायला उभ्या, तिरक्या पट्ट्या.

"पश्चिमेला खिडकी म्हणजे विस्तवाला आमंत्रण," सचिव म्हणाले. ते न्यायालयात कारकून होते आणि अजूनही बोलताना मध्येच थांबायचे, समोरचं कोणी लिहून घेत असल्यासारखे. "वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. पुस्तकांचे कणे विटणार. भिंत बंद करू या, बाई. दिवे आहेत की आपल्याकडे."

"आपल्याकडे माणसं वाचायला केव्हा येतात?"

"संध्याकाळी."

"आणि सकाळी कोण असतं?"

सचिवांनी विचार केला. "मी."

"मग सगळा उजेड तुमच्या एकट्यासाठी पूर्वेला ठेवायचा का?"

हशा झाला. पण ठराव हशाने होत नाहीत. पट्टीबाईंनी संगणकावर केलेलं एक चित्र पुढे सरकवलं: न बांधलेल्या खोलीतली संध्याकाळ, मऊ उजेड, टेबलांवर उन्हाचा एक कवडसा नाही. सचिवांनी ते हात लांब करून पाहिलं.

"सुरेख. पण कपाटं रिकामी का? आमची पुस्तकं कुठे गेली?"

"लॅपटॉपला झेपली नाहीत."

"हं. शिवाय एक चित्र म्हणजे एक साक्षीदार. आणि साक्षीदार पढवता येतो. वेळ तुम्ही निवडलीत. मला अख्खी संध्याकाळ दाखवा. उन्हाळ्यातली एक, थंडीतली एक. ऊन कलायला लागल्यापासून मावळेपर्यंत, आणि पुस्तकांसकट. कुठल्याही टेबलावर ऊन आलं नाही तर भिंत तुमची. पुढच्या बैठकीत दाखवा. नाहीतर विटा चढतील."

पट्टीबाईंनी चित्र घडी न घालता पर्समध्ये ठेवलं. ते मावलं नाही. त्यांनी ते हातात धरून घरी आणलं.

*

लॅपटॉप मुलाचा, जुना. निवृत्तीनंतर पट्टीबाई त्यावरच हे काम शिकल्या. आधी खोली उभी करायची, मग तिच्यात वस्तू, मग सूर्य. सूर्याला तारीख आणि वेळ सांगितली की तो बरोबर जागी जाऊन उभा राहतो. पुढचं काम मशीनचं. उजेड कुठून आला, कशावर आपटला, तिथून कुठे गेला, हे ते शोधत बसतं आणि शेवटी चित्र देतं. याला रेंडर म्हणतात. रिकाम्या खोलीचं रेंडर लॅपटॉप धापा टाकत करायचा. पुस्तकं भरली की गुपचूप बंद.

मग फ्रिज.

"कशाला छळतेस त्याला?" मुलगा म्हणाला. "कपाटं रिकामी ठेव. सचिवांना काय कळतंय?"

"पुस्तकं उजेड पितात. रिकामं कपाट तो परत फेकतं. खोटं होईल ते."

"मग भाड्याने घे. मोठी मशिनं असतात, इंटरनेटवरून फाइल पाठवायची, झालेलं काम परत येतं."

"आणि त्यांनी विचारलं, त्या दुसऱ्या टेबलावरून कसं दिसतं?"

"परत पाठवायची."

"शिंप्याकडे दिलेलं जसं येईल तसं घालावं लागतं. घरात शिलाई मशीन असलं की बाई उसवते आणि पुन्हा घालते."

मुलगा एका कंपनीत संगणकांचंच काम करायचा. पिकतं तिथे विकत नाही, त्या न्यायाने घरात त्याला संगणकाबद्दल कोणी काही विचारत नसे. त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"मी तयार मशीन मागवतो. एक खोकं येईल, उघडलं की सुरू. आई, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"पाय मोजून झालेत माझे. अंथरूणच घ्यायला निघालेय."

*

कचेरीत पट्टीबाईंचा एक नियम होता. जे कागदावर मावत नाही ते जागेवर मावत नाही. तेव्हा त्यांनी संगणक कागदावर काढला. खऱ्या मापाचा, समोरून, वरून आणि बाजूने. कंपन्या आपापल्या वस्तूंची मापं देतात. ती घेऊन त्यांनी प्रत्येक भाग पुठ्ठ्यात कापला. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळे येऊन बसतात ती पाटी. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा. वीज वाटून देणारा पॉवर सप्लाय. आणि सगळ्यांत लांब ते ग्राफिक्स कार्ड, ज्याच्या पाठीवर रेंडरचं ओझं.

जेवणाचं टेबल गेलं.

"आई, हा पॉवर सप्लाय उचलू का? ताटं ठेवायची आहेत," सून म्हणाली. सून दवाखान्यात लोकांचे आखडलेले सांधे हलते करते. घरी आल्यावर तिला स्वतःचा एकही सांधा हलवावासा वाटत नाही.

"उचल, पण सरळ उचल. त्याची जागा ठरलीय."

"आणि माझी?"

"तू कुठेही बस, बाई. तुझं माप घेतलं नाही अजून."

*

दुकान अरुंद होतं आणि खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं. दुकानदाराला एक सवय होती: वस्तू हातात देण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची. सील फोडून त्या क्षणी काढलेली कोरी वस्तू असली तरी फुंकर.

"नातवासाठी का, मावशी? गेम?"

"नाही. वाचनालयासाठी."

पट्टीबाईंनी नळीतून नकाशा काढून काउंटरवर पसरला. दुकानदाराने तो आडवा धरून पाहिला, मग उभा.

"हे घर आहे की कॉम्प्युटर?"

"तुम्ही काय काय देता त्यावर आहे."

मुलगाही आला होता. 'फक्त उचलायला' या अटीवर.

न घेतलेल्या वस्तू, घेतल्या नाहीत त्या क्रमाने:

दिव्यांचे पंखे. "रंग बदलत राहतात, मावशी, बघतच बसाल." "बंद कुठून होतात?" "बंद कशाला करायचे?" "खोलीत रंगीत दिवा असला की पडद्यावरचा पांढरा पांढरा राहत नाही. मला पांढऱ्याशी काम आहे."

दुकानातला सगळ्यांत दांडगा प्रोसेसर. रेंडरचं ओझं कार्ड उचलणार, प्रोसेसरने फक्त कामं वाटून द्यायची. "मुकादम धिप्पाड असून काय उपयोग? हमाल दाखवा."

बेताचा पॉवर सप्लाय. "चालून जाईल हो." "चालून जाईल म्हणून बांधलेल्या गच्च्यांखाली मी बादल्या ठेवलेल्या पाहिल्यात. वरच्या ताकदीचा द्या."

मुलाचं मत.

*

कार्डापाशी वेळ गेला.

दुकानदाराने नवं काढलं, फुंकलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "आज याच्यापुढे कोणी नाही. पळतं बघा कसं!"

"पोटात किती मावतं?"

त्याने आकडा सांगितला. पट्टीबाईंनी मान हलवली. कार्डाला स्वतःची मेमरी असते. खोली, टेबलं, खुर्च्या आणि सगळीच्या सगळी पुस्तकं एकाच वेळी तिच्यात मावली तरच ते काम करतं. न मावली तर कितीही पळणारं असो, जागच्या जागी बसकण मारतं. लॅपटॉपचं तेच झालं होतं. किती जागा लागेल हे पट्टीबाईंनी घरी कपाट कपाट भरून मोजलं होतं.

"निम्मीच पुस्तकं मावतील यात."

"मग निम्मी काढा की, मावशी."

"कुठली?"

दुकानदाराने मुलाकडे पाहिलं. मुलाने खोक्यांकडे पाहिलं.

"हे बघा," पट्टीबाई म्हणाल्या, "मला शर्यत लावायची नाही, सामान हलवायचंय. मोटरसायकल नको. टेम्पो दाखवा."

टेम्पो मागच्या खोलीत होता. एक चित्रांचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा दुकानदाराने त्यांचं सामान उचललं होतं. त्यातलं हे कार्ड, नव्याच्या तुलनेत मंद, पण मेमरी दुपटीहून जास्त. या वेळी फुंकर सार्थकी लागली. धूळ खरंच उडाली.

"आई, हे जुनं आहे," मुलगा म्हणाला. "याची काही हमी नाही."

"माझी आहे?"

"अगं पण..."

"चालवून बघू. अहो, एखाद्या मशीनला लावता का हे? फाइल मी आणलीय."

मुलगा कामावर निघून गेला. पट्टीबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या. गिऱ्हाइकं आली, गेली. एकाने त्यांनाच माउसची किंमत विचारली आणि त्यांनी पाटी वाचून सांगितली. दुकानदाराने डबा उघडला, त्यांना अर्धा देऊ केला, त्या नको म्हणाल्या आणि मग अर्ध्यातला अर्धा खाल्ला. पडद्यावर आधी राखाडी दाणे होते, मग दाण्यांतून कपाटं उगवली, आणि कपाटांत पुस्तकं. सगळी. मशीन हळू होतं, पण बंद पडलं नाही.

"नावं पण घातलीत पुस्तकांवर?" दुकानदार वाकून बघत म्हणाला.

"कादंबऱ्यांवर घातली. कायद्याच्या पुस्तकांवर नाही. ती कोण बघतंय?"

मग त्यांनी कार्डाला पट्टी लावली. लांबी, जाडी, उंची. नकाशातल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे ज्या लोखंडी डब्यात हे सगळं बसणार त्यात, ते बोटभर जागा ठेवून मावत होतं.

"बांधून द्या," त्या म्हणाल्या.

*

सुट्टीच्या सकाळी जोडणी. स्क्रू मुलाकडे, नकाशा पट्टीबाईंकडे. सून दारात टेकून, हातात कप.

"डावीकडे जरा."

"आई, ते एकाच जागी बसतं. जरा नसतं यात."

मदरबोर्ड बसला. प्रोसेसर, पंखा, मेमरीच्या पट्ट्या बसल्या. कार्ड टक् असा आवाज करून बसलं आणि पुढे बरोबर बोटभर जागा उरली. पट्टीबाईंनी तिथे बोट घालून पाहिलं. कार्डाच्या अंगावर विजेची जाड वायर खोचली. मग मुलाने कॅबिनेटची बाजूची काच उचलली, लावली, दाबली.

लागेना.

पुन्हा लावली. खालून लागली, वरून उघडी.

"याचं कोपर लागतंय काचेला," दारातून सून म्हणाली.

खरंच. वायर कार्डातून सरळ बाहेर येत होती, मग वळत होती. आणि ते वळण काचेच्या बाहेर जात होतं.

मुलगा उठला. हात पुसले. असा दिवस रोज येत नाही हे त्याला कळत होतं.

"आई. दार काढलंस. ते उघडतं कुठे, ते नाही काढलंस."

नकाशात दार नुसत्या रेघेने काढत नाहीत. ते उघडताना किती जागा घेतं, तो पाव गोलही काढावा लागतो, नाहीतर प्रत्यक्षात दार जाऊन पलंगावर आपटतं. ज्या नव्या मुलाच्या नकाशात हा पाव गोल नसे त्याचा कागद पट्टीबाई एक शब्द न बोलता परत करायच्या. मुलाने लहानपणी कचेरीत बसून हे पाहिलं होतं. त्याने आता टेबलावरचा नकाशा उचलला आणि एक शब्द न बोलता त्यांच्या हातात दिला.

पट्टीबाईंनी पाहिलं. कार्ड होतं. वायर नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. पेन्सिल घेतली आणि वळण काढलं. त्यांना हसू आलं, पण मुलासमोर त्यांनी ते खालच्या मानेने उरकलं.

"वायर दाबून बसवू?"

"दाबली की तापेल. तापली की जळेल."

"मोठा डबा मागवू?"

"तो येईपर्यंत बैठक होऊन जाईल. काच काढ."

काच पलंगामागे गेली. मशीन उघड्या पोटाने सुरू झालं, आतलं सगळं दिसतंय, पंखे फिरतायत.

"पेशंट टेबलावर आहे आणि डॉक्टर जेवायला गेलेत असं वाटतंय," सून म्हणाली. आणि तिनेच त्या खोलीसाठी कायदा केला: इथे कोणी केस विंचरायचे नाहीत, चादर झटकायची नाही, शिंक आली तर बाहेर.

*

मुलाने हिशेब केला. टेम्पोच्या गतीने दोन्ही संध्याकाळी बैठकीपर्यंत होत नव्हत्या.

"पुस्तकं काढ."

"नाही."

"मग सिनेमा जमणार नाही. सिनेमाला सेकंदागणिक ढीगभर चित्रं लागतात."

"सिनेमा कोणाला हवाय? ऊन कुठे सरकतं ते हवंय. काटा सरकताना कोणाला दिसत नाही, तरी वेळ कळतेच ना? दर थोड्या मिनिटांनी एक चित्र कर."

तसं लावलं. उन्हाळ्याची संध्याकाळ आधी. चित्रं एकामागून एक पडत राहिली. पट्टीबाई येता-जाता बघत होत्या. बाहेर ऊन उतरत होतं, पट्ट्यांवर आपटत होतं, आत नुसता उजेड येत होता. टेबलं स्वच्छ. शेवटच्या चित्रात सूर्य गेला, खोलीत अजून वाचता येईल इतका उजेड होता. त्यांनी ती सगळी चित्रं भराभर उलटवून पाहिली, दोनदा. मग थंडी लावली.

थंडीच्या चित्रांत सुरुवातीला काही नव्हतं.

मग कोपऱ्यातल्या टेबलाच्या कडेवर एक रेघ आली. पुढच्या चित्रात ती रेघ पट्टी झाली. मग दुसऱ्या टेबलावर तशीच, मग तिसऱ्या. खुर्चीच्या पाठीवर. ज्या जागी माणसाचे डोळे असतील त्या उंचीवर. सूर्य मावळण्याच्या जरा आधी उन्हाच्या रेघा कपाटापर्यंत पोचल्या आणि कादंबऱ्यांची नावं लखलखीत वाचता येऊ लागली.

त्यांनी तारीख तपासली. वेळ तपासली. दिशा तपासली. सगळं बरोबर.

पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तर उन्हाळ्यात सूर्य उजव्या अंगाला मावळतो, थंडीत डाव्या. पट्टीबाईंनी ऊन म्हटलं की उन्हाळा धरला होता. पट्ट्या उजवीकडच्या उन्हाला पाठ करून तिरक्या ठेवल्या होत्या, आणि डावीकडच्या उन्हासाठी त्यांच्यामधल्या फटी म्हणजे सरळ रस्ता. समितीला दाखवलेलं ते एक चित्रही उन्हाळ्याचं होतं. मुद्दाम निवडलेलं नव्हतं. पण निवडलेलं होतं.

सचिवांचं बरोबर होतं. ऊन आलं त्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

*

"फक्त उन्हाळा दाखव," मुलगा म्हणाला. त्याने आवाज खाली आणला होता. आईची बाजू घेताना तो असाच बोलतो. "थंडीचं वेळेत झालं नाही म्हण. खोटं कुठे आहे? मशीन हळू आहेच."

"मशीनवर आळ घालू नकोस."

"मग काय करणार?"

"उसवणार."

पट्ट्या जवळ जवळ आणल्या. ऊन थांबलं, खोली काळोखी झाली. उसवलं. पट्ट्या रुंद केल्या. ऊन जेमतेम थांबलं, पण बसलेल्या माणसाला बाहेरचं झाड दिसेना. खिडकी असून तुरुंग. उसवलं. पट्ट्या उलट्या तिरक्या केल्या. थंडी उत्तम, उन्हाळ्याचं ऊन थेट टेबलांवर. उसवलं. लहान लहान चित्रं, दाणेदार, घाईची. प्रत्येकाला मशीन तेवढाच वेळ घेई आणि पट्टीबाई तेवढा वेळ खुर्चीत मागेपुढे झुलत बसत. भाड्याच्या मशीनला हे इतक्या वेळा पाठवलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, बाई, तुमचं एकदा ठरवून सांगा.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"झालं?"

"या पट्ट्या मी खिळवून का ठेवल्यात?" पट्टीबाई म्हणाल्या, त्याला नव्हे.

त्यांनी प्रत्येक पट्टीच्या मध्यातून एक कणा घातला, वर आणि खाली टेकवला. उन्हाळा: सगळ्या एका बाजूला. थंडी: सगळ्या दुसऱ्या. वर्षातून दोनदा फिरवायच्या. पूर्ण संध्याकाळचं रेंडर करायला आता वेळ नव्हता. ज्या वेळांना ऊन शिरलं होतं तेवढ्याच वेळांची चित्रं त्यांनी लावली. मशीन चालू झालं. त्या हात बांधून समोर बसल्या. पाणी तसंच राहिलं.

टेबलं स्वच्छ.

"लॅपटॉपवर घालून देतो उद्यासाठी," मुलगा म्हणाला.

"नको. मशीनच न्यायचं."

"हे? पोट उघडं ठेवून?"

"सचिव प्रश्न विचारणार. उत्तर घरी ठेवून जाऊ का?"

*

मुलाने मशीन मांडीवर धरलं, सुनेने गाडी चालवली, आणि पट्टीबाई मागे बसून प्रत्येक खड्ड्याआधी "हं" म्हणत राहिल्या.

समितीच्या टेबलावर मशीन ठेवून पडदा जोडला तेव्हा खजिनदार थोडे मागे सरकले. पट्टीबाईंनी उन्हाळा दाखवला. माना हलल्या. मग त्यांनी थंडी दाखवली. पहिली, चुकलेली. रेघा टेबलांवर चढल्या, डोळ्यांच्या उंचीवर आल्या, कपाटापर्यंत गेल्या.

सचिव पुढे झुकले.

"बाई, हे तुमच्याच विरुद्ध आहे."

"हो. तुमचं बरोबर होतं. मी एकच ऋतू धरला होता."

सचिवांना हे ऐकायची सवय नसावी. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

मग पट्टीबाईंनी फिरत्या पट्ट्या दाखवल्या.

"फिरवणार कोण?" खजिनदारांनी विचारलं.

"मी."

"आणि..." खजिनदार थांबले. पुढचा प्रश्न सभ्य नव्हता.

"आणि माझ्यानंतर दुसरं कोणी. खाली एकच दांडी आहे, सगळ्या एकदम फिरतात. दार लावता येणाऱ्या माणसाला जमेल."

"ही चित्रं मोजक्याच वेळांची आहेत," सचिव म्हणाले. "वेळा परत तुम्हीच निवडल्यात."

"मग तुम्ही निवडा. म्हणूनच आणलंय हे. तारीख सांगा, वेळ सांगा, कुठल्या खुर्चीवरून ते सांगा."

सचिव उठले आणि मशीनभोवती फिरले. उघड्या बाजूने आत पाहिलं, एखाद्या कपाटात कोणी लपलंय का ते बघावं तसं. मग त्यांनी थंडीतली एक तारीख सांगितली. सूर्य मावळण्याच्या किंचित आधीची वेळ. खुर्ची कोपऱ्यातली, जिथे पहिली रेघ आली होती ती.

पट्टीबाईंनी तिन्ही गोष्टी भरल्या आणि कळ दाबली.

राखाडी दाणे.

"किती वेळ?"

"बसावं लागेल."

बसले. पंखे जोरात फिरायला लागले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची नजर वायरच्या वळणावर होती. सुनेला शिंक येत होती. ती उठून बाहेर गेली आणि दाराबाहेर शिंकली. खजिनदारांनी कागद पुढे ओढले, मागे सारले. दाण्यांतून खिडक्यांच्या कडा वर आल्या. मग टेबल. टेबलावर काहीतरी उजळ होतं. पट्टीबाईंचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला. दाणे बारीक झाले, आणखी बारीक झाले, आणि ते उजळ काय ते कळलं. उघडं पुस्तक होतं. त्यांनीच ठेवलेलं. त्याच्या पानावर उजेड होता, ऊन नव्हतं, आणि अक्षरांच्या ओळी मोजता येत होत्या.

सचिवांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. चित्रातल्या टेबलाच्या चारही कडा बोटाने तपासल्या, काचेवर बोट टेकवून.

"विटा नकोत," ते म्हणाले. मग लिहून घेणाऱ्याकडे वळून, सावकाश: "पश्चिमेची भिंत नकाशाप्रमाणे. पट्ट्या फिरत्या. लिहिलंत?"

"लिहिलं."

पट्टीबाईंनी मान हलवली आणि मशीन बंद केलं. पंखे थांबायला थोडा वेळ लागला.

"उचल," त्या मुलाला म्हणाल्या. "सरळ उचल."

*

पट्टीबाईंचे वडील छापखान्यातून सुटून जुन्या वाचनालयात पोचत तेव्हा सहा वाजून गेलेले असत, आणि तिथे दिवा फक्त पुस्तकं देणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर होता.